कांचेवरचें नांव

गेल्या वर्षीं मे महिन्याच्या सुटींत आमची भाची आमच्याकडे राहावयास आली, तेव्हां तिच्या हट्टास्तव आम्ही घरांत कांचेची एक टाकी आणली आणि तींत सोडण्यासाठीं गांवांतील एका दुकानांतून चार मासे विकत घेतले. दुकानांतल्या टाकीवर चिकटविलेल्या कागदाच्या तुकड्यावर ‘हनी गुरामी’ असें लिहिलेलें होतें. मासे नारिंगी रंगाचे, बोटाच्या दोन पेरांएवढे आणि शांत स्वभावाचे दिसले. पोटाखालचे दोन लांब तंतु पुढें करून ते टाकींतील प्रत्येक वस्तु आंधळ्यानें काठीनें चांचपावी तशी चांचपून पाहत, आणि मधून मधून वर येऊन हवेचा एक घोट घेऊन जात. हा मासा दोन इंचांहून फारसा वाढत नाहीं, भिडस्त आहे, लहान टाकीस योग्य आहे, अशी माहिती आम्ही आधींच वाचून ठेविली होती.

दिवाळींत भाची पुन्हां आली. टाकीसमोर थोडा वेळ उभी राहून ती म्हणाली, “मामा, हे ते मासे नव्हेतच. ते मेले असतील, आणि मला वाईट वाटूं नये म्हणून तुम्ही दुसरे आणून ठेवलेत.” आमच्यावर आजवर पुष्कळ आरोप झाले आहेत, परंतु मासे बदलल्याचा हा पहिलाच. मासे तेच होते. फक्त त्यांतील मोठा नर आतां साडेतीन इंचांचा झाला होता, आणि आपल्या तिघां सोबत्यांस पाणवनस्पतींच्या आड कोंडून त्यानें सगळी टाकी आपल्या अंमलाखालीं आणली होती.

आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा. जुन्या कागदांत एकाच माणसाचीं दोन नांवें आणि एकाच नांवाचीं तीन माणसें नेहमींच भेटतात. तेव्हां नांवावर एकदम विश्वास न ठेवतां इतर खुणा पाहाव्या, ही संवय आम्हांस जडलेली आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत फ्रान्सिस डे या इंग्रज वैद्याचे हिंदुस्थानांतील माशांवरील १८८९ सालचे दोन खंड आहेत. ते धूळ झटकून घरीं आणले आणि भाचीस भिंग देऊन टाकीसमोर बसविलें. ब्रह्मदेशांतील एका गुरामीस डे यानें १८७७ सालीं ‘लेबिओसस’, म्हणजे ओठाळ, असें नांव दिलेलें आहे. भिंगांतून पाहतां आमच्या माशाचे ओठ चांगलेच जाड निघाले. ही जात साडेतीन इंचांपर्यंत सहज वाढते. अंगावर निळसर व तपकिरी तिरपे पट्टे असणें हें तिचें मूळचें लक्षण. आमच्या माशांच्या अंगावर मात्र पट्ट्याचा मागमूसही नव्हता. त्याचें कारण असें कीं, मत्स्यपैदास करणाऱ्यांनीं हनी गुरामी आणि ओठाळ गुरामी या दोन्ही जातींचे नारिंगी-पिवळे वाण निवडून निवडून तयार केले आहेत, आणि त्यांच्या बालपणीं दोघे एकाच रंगाचे दिसतात. ज्या खुणेवर गिऱ्हाईक भाळतें, नेमकी तीच खूण येथें खोटी साक्ष देते.

दुकानदाराकडे जाऊन आम्ही हें सांगितलें. भांडण करण्याचा हेतु नव्हता. त्यानेंही शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाला, “सर, चेन्नईहून माल येतो. पिशवीवर होलसेलवाला जें नांव लिहून पाठवितो तेंच आम्ही कांचेवर लिहितों. वरूनच तसें येतें.”

हा ‘वरून’ शब्द आमच्या मनांत घोळत राहिला. होलसेलवाल्याच्याही वर कोणी असेल, त्याच्याही वर कोणी असेल. मग या नांवाचा उगम कोठें? त्याचा माग काढीत गेलों तों आम्ही दोनशें वर्षांपूर्वीच्या बंगालमध्यें, कंपनी सरकारच्या चाकरींतील एका स्कॉटिश वैद्याच्या राहुटीशीं येऊन पोहोंचलों.

या गृहस्थाचें नांव फ्रान्सिस बुकॅनन. जन्म १७६२ चा. १७९४ सालीं तो कंपनीच्या बंगाल इलाख्यांत वैद्य म्हणून दाखल झाला. टिपूच्या पाडावानंतर १८०० सालीं म्हैसूर प्रांताची पाहणी करावयास पाठविलेला बुकॅनन तो हाच, आणि इतिहासाच्या अभ्यासकांस तो त्या प्रवासवृत्तावरूनच ठाऊक असतो. पुढें १८०७ ते १८१४ पर्यंत त्यानें बंगाल व बिहारचे जिल्हे असेच पायांखालीं घातले. जमीन, पीक, जाती, देवळें, धंदे हें सर्व लिहून घेतां घेतां त्याला नाद लागला तो माशांचा. जेथें मुक्काम पडे तेथें तो कोळ्यांकडून मासे मागवी, त्यांचें स्थानिक नांव विचारून घेई, देशी चित्रकाराकडून ताज्या माशाचें चित्र काढवी आणि वर्णन लिही. उत्तरायुष्यांत आईकडील इस्टेट वांट्यास आल्यावर त्यानें तिच्या कुळाचें ‘हॅमिल्टन’ हें नांव घेतलें. त्यामुळें ग्रंथालयाच्या सूचींत हा एकच मनुष्य कधीं बुकॅनन, कधीं हॅमिल्टन, कधीं दोन्ही जोडून असा तीन ठिकाणीं सांपडतो. माशांच्या नांवांचा घोळ ज्याच्यापासून सुरू झाला त्याच्याच नांवाचा असा घोळ व्हावा, यांत आम्हांस थोडें हंसूं येतें.

१८२२ सालीं त्याचा गंगेच्या खोऱ्यांतील माशांवरचा ग्रंथ एडिंबरो येथें प्रसिद्ध झाला. आज जगांत कांचेच्या टाक्यांतून जे मासे पोसले जातात, त्यांतील कितीतरी प्रथम या ग्रंथांत कागदावर आले. प्रयोगशाळांतून ज्याच्यावर आज हजारों संशोधक काम करतात तो पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा हॅमिल्टननें कोसी नदींतून घेतला व त्यास ‘रेरिओ’ म्हटलें. गुलाबी छटेचा ‘कोंचोनियस’ म्हणजे बंगाली कोळ्यांचा कांचन पुंटी. ‘टिक्टो’ म्हणजे तित पुंटी. गुरामींपैकीं ‘लॅलियस’ म्हणजे लाल खोलिशा. हे लॅटिन दिसणारे शब्द वस्तुतः बंगाली कोळ्यांच्या तोंडचे आहेत, लॅटिनचा नुसता अंगरखा त्यांच्यावर चढविला आहे.

या गुरामींत हॅमिल्टननें ‘चुना’ व ‘सोटा’ अशा दोन लहान जाती वेगवेगळ्या वर्णिल्या. रंग भिन्न, म्हणून जाती भिन्न, असा त्याचा हिशेब. पुढें कळून आलें कीं दोन्ही एकच. या माशाची मादी करड्या रंगाची, कुशीवरून एक तपकिरी रेघ गेलेली. नरही एरवीं जवळजवळ तसाच. परंतु विणीच्या दिवसांत नराचें अंग मधासारखें पिवळें-नारिंगी होतें आणि गळ्यापासून पोटापर्यंतचा भाग काळा-निळा पडतो. नुसता रंग पाहणारास ते दोन भिन्न प्राणी वाटले तर नवल नाहीं. ‘सोटा’ हें नांव मागें पडलें, ‘चुना’ टिकलें. आणि हा ‘चुना’ म्हणजेच आजचा हनी गुरामी. सारांश, आमच्या दुकानदारानें ज्या नांवानें दुसराच मासा आम्हांस दिला, त्या नांवाच्या खऱ्या धन्यालाही जन्मतःच एका ऐवजीं दोन नांवें मिळालेलीं होतीं.

हॅमिल्टननें हयगय केली, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. त्याच्यावर जो प्रसंग आला तो कोणाही संशोधकाच्या पोटांत गोळा आणील असा आहे. १८१५ सालीं तो कायमचा मायदेशीं निघाला, तेव्हां त्यानें वर्षानुवर्षें काढवून घेतलेलीं चित्रें ही कंपनीची मालमत्ता आहे, असें ठरवून गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यानें तीं कलकत्त्यासच ठेवून घेतलीं. त्यामुळें ग्रंथ लिहितांना पुष्कळशीं चित्रें त्याच्या हाताशीं नव्हतीं. माशांचे नमुने मद्यार्कांत घालून जपून ठेवण्याची व्यवस्था त्यानें केलेली नव्हती. म्हणजे वाद पडल्यास ‘हा पाहा तो मासा’ असें दाखविण्यास आज जगांतल्या कोणत्याही संग्रहालयांत त्याच्या हातचा नमुना नाहीं. राहिले ते शब्द. हीं चित्रें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत पडून राहिलीं, आणि सुंदरलाल होरा या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञानें ग्रंथाशीं त्यांचा मेळ घालून १९२९ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला, तेव्हां कित्येक नांवांचा उलगडा झाला. मध्यें शंभरांहून अधिक वर्षें गेलीं. दप्तरखान्यांत अडकलेल्या कागदांमुळें राजकीय इतिहासाचें काय होतें हें आम्ही आयुष्यभर शिकवीत आलों. माशांच्या इतिहासाचेंही तेंच होतें, हें आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळलें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. मासा कांचेंतून, जिवंत, दिवसेंदिवस पाहण्याची सोय हॅमिल्टनच्या काळीं नव्हती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत कांचेच्या टाक्यांचें पहिलें सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें तें १८५३ सालीं. टोपलींत तडफडणारा किंवा थाळींत पडलेला मासा ज्यानें पाहिला, त्याला नर वर होऊन नटतो तेव्हां कसा दिसतो हें कोठून कळावें? नदीकांठचा कोळी तें जाणत असेल. परंतु त्याला नांवापलीकडे कांहीं विचारण्याची त्या काळच्या विद्वानांस फारशी गरज वाटत नसे.

नर आणि मादी यांच्या रूपांतील भेदानें असाच गोंधळ ज्याच्या बाबतींत झाला, तो दुसरा मासा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या वाड्याच्या हौदांत पाहिलेला असेल. आम्ही गप्पी माशाविषयीं बोलत आहों. डांसांच्या अळ्या खातो म्हणून नगरपालिकेचे लोक तो विहिरींत व डबक्यांत सोडतात. त्याची मादी मोठी व मातकट. नर तिच्या निम्म्यानें, पण शेपटीवर रंगांची उधळण. बर्लिनच्या पीटर्सनें व्हेनेझुएलांतील माशावरून १८५९ सालीं त्यास एक नांव दिलें. दोन वर्षांनीं बार्बाडोसच्या माशास इटालींतल्या एकानें दुसरें दिलें. आणि १८६६ सालीं लंडनच्या ग्युंटर यानें, त्रिनिदादहून गप्पी नांवाच्या गृहस्थानें पाठविलेल्या माशास त्याच गृहस्थाचें नांव दिलें. १९१३ सालीं रीगन यानें हे सर्व एकच असल्याचें दाखविलें व पीटर्सचें नांव कायम झालें. ग्युंटरचें नांव शास्त्रांतून गेलें, पण लोकांच्या तोंडीं तेंच राहिलें. आमच्या गल्लींतलीं मुलें ‘गप्पी’ म्हणतात तेव्हां तीं शास्त्रानें रद्द केलेलें नांवच उच्चारीत असतात.

येथपर्यंतच्या चुका विद्वानांच्या. विसाव्या शतकांत माशांचा व्यापार वाढला आणि नांव देण्याचें काम विद्वानाच्या टेबलावरून व्यापाऱ्याच्या पिशवीकडे सरकूं लागलें. आरंभीं दोघांत सख्य होतें. फिलाडेल्फियाचा विल्यम इन्स हा धंद्यानें मुद्रक. त्याचें परदेशी माशांवरील १९३५ सालचें सचित्र पुस्तक व त्याचें मासिक हौशी लोक पोथीसारखें बाळगीत. दुसऱ्याच वर्षीं ॲमेझॉनच्या खोऱ्यांतून निळ्या-तांबड्या रेघेचा निऑन मासा युरोपमार्गें अमेरिकेंत आला, तेव्हां जॉर्ज मायर्स या शास्त्रज्ञानें त्यास इन्सचेंच नांव दिलें.

परंतु वीस वर्षांनीं त्याच माशाच्या भाऊबंदावरून जें झालें तें पाहिलें म्हणजे बाजाराचा वारा शास्त्राला कसा लागतो याची कल्पना येते. रिओ नेग्रो नदींतील कार्डिनल मासा निऑनसारखाच. भेद इतकाच कीं निऑनची तांबडी पट्टी अर्ध्या अंगापासून सुरू होते, तर कार्डिनलची पोटाच्या सबंध लांबीभर असते. अजूनही दुकानांतून एकाच्या नांवावर दुसरा दिला जातो. १९५६ सालीं वॉशिंग्टनच्या लेनर्ड शुल्ट्झ यानें एका व्यापारी मासिकांत, त्या मासिकाचे प्रकाशक हर्बर्ट ॲक्सेलरॉड यांच्या नांवावरून, या माशास ‘ॲक्सेलरॉडी’ म्हटलें. त्या अंकाची तारीख २० फेब्रुवारी. मायर्स व त्याचा सहकारी वाइट्झमन यांनीं विद्यापीठाच्या पत्रिकेंत त्याच माशास ‘कार्डिनॅलिस’ म्हटलें. तिची तारीख २१ फेब्रुवारी. एका दिवसाचें अंतर! जें नांव आधीं छापलें तें खरें, असा शास्त्राचा नियम. त्याप्रमाणें १९५७ सालीं आंतरराष्ट्रीय मंडळानें शुल्ट्झच्या बाजूनें निकाल दिला. मासा तांबड्याचा निळा झाला नाहीं. भांडले ते माणूस.

कधीं याच्या उलटही घडतें, आणि मग दुकानाची चूक हाच शोधाचा आरंभ ठरतो. १९७० नंतरच्या दोन-चार वर्षांत काळ्या समुद्राकांठच्या ओदेसा शहराच्या बाजारांतून एक लहान, माणकासारखी लाल पट्टी अंगावर असलेला मासा हौशी लोकांत पसरला. तो कोठून आला हें कोणास सांगतां येईना. जवळपासचें नांव म्हणून त्यास हॅमिल्टनच्या ‘टिक्टो’चें नांव चिकटविण्यांत आलें, आणि पुढें तीस वर्षें तो याच नांवानें, किंवा शहराच्या नांवावरून ‘ओदेसा बार्ब’ म्हणून, खपत राहिला. शेवटीं २००८ सालीं स्वेन कुल्लांडर व राल्फ ब्रिट्झ यांनीं ब्रह्मदेशांतील नमुन्यांवरून ही सर्वस्वी निराळी, शास्त्रास अज्ञात जात असल्याचें सिद्ध केलें व तिला माणकाच्या ब्रह्मी शब्दावरून ‘पदम्या’ नांव दिलें. म्हणजे तीस वर्षें घरोघरच्या टाक्यांत पिलें देत असलेला हा मासा शास्त्राच्या वहींत नव्हताच. कांचेवरचें नांव चूक आहे एवढेंच न म्हणतां, मग खरें कोणतें, असा प्रश्न कोणीतरी विचारला, म्हणून तो वहींत आला.

आपल्याकडे तो प्रश्न फारसा विचारला जात नाहीं. लहान मुलांस ‘शार्क’ म्हणून जो रुपेरी-करडा मासा सर्रास विकतात, तो शार्क तर नव्हेच, तो मेकाँग नदींतील एक शिंगाडा आहे. योग्य जागा मिळाल्यास मीटरभराहून अधिक वाढतो. दोन फुटी टाकींत तो वर्ष-दोन वर्षें कुजत जगतो, आणि मग कोणीतरी रात्रीं नेऊन तो तळ्यांत सोडतो. यावर कडी अशी कीं याच माशाचे शेतींत वाढविलेले तुकडे हॉटेलांत ‘बासा’ म्हणून वाढतात, आणि खरा बासा ही त्याच्याच कुळांतली तिसरीच जात आहे. एकाच माशास मुलाच्या टाकींत एक खोटें नांव व बापाच्या ताटांत दुसरें, असा हा प्रकार. शेवाळ खातो म्हणून ‘सयामी’ या नांवाखालीं विकला जाणारा मासाही बहुधा निराळाच असतो. मोठेपणीं तो शेवाळ सोडून सोबत्यांच्या अंगाला चिकटतो व त्यांच्या अंगावरील बुळबुळीत थर खरडून खातो. अशा वेळीं खोट्या नांवाची किंमत टाकींतल्या इतर माशांनीं भरलेली असते.

परंतु याहूनही मोठी किंमत नदी भरते, आणि ती नदी आपल्या सह्याद्रींतलीही असूं शकते. डे यानें मलबारांत असतांना, १८६५ सालीं, त्रावणकोरांतील मुंडक्कयमजवळच्या एका देखण्या माशाचें वर्णन केलें व मद्रासचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांचें नांव त्यास दिलें. रुपेरी अंग, आरपार गेलेली काळी रेघ, तिच्यावर पुढच्या अर्ध्या भागांत लाल पट्टी. सव्वाशें वर्षें या माशाकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. मग परदेशी हौशी लोकांची त्यावर नजर गेली आणि केरळच्या डोंगरओढ्यांतून तो पिशव्यांत भरून बाहेर जाऊं लागला. व्यापारी त्यास ‘मिस केरळ’ म्हणूं लागले. १९९९ सालीं मेनन, रेमादेवी व थोबियास या अभ्यासकांनीं दाखविलें कीं चालकुडी नदींत याच्यासारखाच, पण पाठीवरच्या पंखावर काळा डाग असलेला व तोंडाची ठेवण निराळी असलेला दुसरा मासा आहे. त्यास ‘चालकुडिएन्सिस’ हें नांव मिळालें. परंतु पिशवीवर तें नांव चढलें नाहीं. दोन्ही मासे डेनिसनच्याच नांवानें जात राहिले. या दुसऱ्या माशाचा प्रदेश पहिल्याहून पुष्कळच लहान. दोन्ही जाती आज संकटग्रस्त मानल्या जातात. पण एकाच्या नांवाखालीं दुसरा किती गेला, याचा हिशेब कोण देणार? ज्याचें नांवच जमाखर्चांत नाहीं, तो संपला तरी खात्यांत तूट दिसत नाहीं. २०१३ सालीं या दोन माशांचें मिळून एक नवें कुल स्थापण्यांत आलें. तें नांव ठेवणाऱ्यांत पुण्यांतील एक संशोधक आहेत, आणि त्या कुलाचें नांव ‘सह्याद्रिया’ आहे. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, २००५ ते २०१२ या काळांत भारतांतून तीस संकटग्रस्त जातींचे पंधरा लाखांहून अधिक गोड्या पाण्यांतले मासे शोभेसाठीं बाहेर गेले, असा आंकडा दिलेला आहे.

या निर्यातींत संख्येनें अग्रभागीं असलेल्यांत आणखी एक मासा आहे: अंगावर बारीक पट्टे असलेला बोटिया. नारायण राव यांनीं १९२० सालीं तुंगा नदींतील नमुन्यावरून त्याचें वर्णन केलें. तो कृष्णेच्या खोऱ्यांत, आपल्या कोल्हापूरकडेही मिळतो. १९५६ सालीं कळवार व केळकर या दोघां अभ्यासकांनीं तिकडच्या माशास ‘कोल्हापुरेन्सिस’ असा निराळा प्रकारही म्हटलें होतें. पुढें तो मूळच्या जातींतच मोडला गेला. चुना आणि सोटा यांचीच ही धाकटी आवृत्ति म्हणावयाची. अशीं रद्द झालेलीं नांवें वाचतांना आम्हांस हंसूं येत नाहीं. कोणीतरी पंचगंगेच्या पाण्यांत पाय भिजवून मासा हातांत घेतला होता, पट्टे मोजले होते, एवढें तरी त्यांवरून कळतें. कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं दख्खनच्या माशांवर लिहिलें, तेव्हां त्यानेंही इंद्रायणी व मुळामुठेच्या कांठच्या लोकांस नांवें विचारलीं. ‘खुद्री’, ‘मल्या’, ‘शिंगटी’ हे शब्द त्यामुळेंच इंग्रजी कानांतून गाळून कां होईना, आज जगाच्या शास्त्रांत आहेत. त्याचा ‘मुसुल्ला’ महाशीर कीं निराळाच, हा वाद २०१३ सालापर्यंत चालला. पण वाद घालावयास निदान एक वर्णन होतें आणि एक नदी होती. चेन्नईहून आलेल्या पिशवीस नदी नसते.

आमच्या टाकीकडे परत येतों. दिवाळीची सुटी संपण्याआधीं भाचीनें चौकोनी कागदावर ‘ओठाळ गुरामी, ब्रह्मदेश’ असें लिहून तो कांचेवर चिकटविला. थोरल्या नरासाठीं मोठी टाकी घ्यावी लागली. आमच्या पुस्तकांची एक फळी त्यापायीं माळ्यावर गेली. नव्या टाकींत दुसऱ्याच आठवड्यांत त्यानें पाण्याच्या पृष्ठावर बुडबुड्यांचें घरटें बांधावयास घेतलें, आणि आजवर नारिंगी असलेल्या त्याच्या अंगावर कडेनें थोडी काळसर छटा आली. दूरध्वनीवरून हें कळवितांच भाचीनें विचारलें, “मामा, आतां कोणी त्याला तिसरीच जात म्हणेल कां हो?”

पुढच्या खेपेस आम्ही दुकानांत गेलों, तेव्हां त्याच टाकींत नवे नारिंगी मासे आलेले होते. कांचेवर कागद तोच, परंतु ‘हनी गुरामी’ या शब्दांपुढें दुकानदारानें पेनानें एक प्रश्नचिन्ह काढून ठेविलें होतें. आम्ही खिशांतून भिंग काढलें. तो हंसला व त्यानें टाकीवरचा दिवा मोठा केला. दोघांनीं मिळून बराच वेळ ओठ पाहिले. बारीक ओठांचे, कुशीवर पुसट तपकिरी रेघ असलेले दोन मासे त्यानें जाळींत धरून दिले. ते खरोखरच हॅमिल्टनचे ‘चुना’ असावेत, असें आमचें मत आहे. पण अजून ते दीड इंचाचेच आहेत, आणि नक्की काय तें पुढच्या मे महिन्यांत, भाची आल्यावर, मोजून ठरवावयाचें आहे.